पळसाला पान एकच

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुसरीला पानांची वर्गवारी घेतली. आमच्या वरुड-मोर्शीकडे त्या दिवसांत दारात लावायला पळसाच्या फांद्या येतातच, सामान शोधावं लागत नाही. चार-चार मुलांचे गट केले. प्रत्येकाला पळस, बेल, कडुनिंब, बोर आणि सीताफळ. ढिगांना नावं मी आधी देत नाही. दिली की मुलं पान सोडून मास्तरच्या तोंडाकडे पाहतात.

पाच मिनिटांत लहान-मोठी आणि 'बकरी खाते, खात नाही' असे ढीग पडले. दोन्ही बरोबर. मग म्हटलं, आता मोजून लावा. इथं घोळ झाला. कडुनिंबाची कुणी अकरा मोजली, कुणी तेरा, एका पोरीनं एकच!

चूक माझी. पानं सुटी खुडून आणली होती. पान कुठून सुरू होतं ते दिसणार कसं? मधल्या सुट्टीत वीत-वीत डहाळ्या तोडून आणल्या आणि ओल्या फडक्यात ठेवल्या. बेल-बोरीच्या काट्यांची टोकं कात्रीनं उडवली, कारण पाहायचं असतं नेमकं त्याच बेचक्यात.

संत्र्याच्या कलमाला डोळा, म्हणजे नवी फांदी फुटते तो बारका कोंब, भरतात; तो डोळा या पोरांना घरूनच ठाऊक. देठ फांदीला जुळतो तिथं वरच्या अंगाला तो असतो. कडुनिंबाच्या बारक्या पानांच्या बुडाशी नसतो. म्हणजे डोळ्यापासून पुढचं सगळं मिळून एक पान, आणि ती बारकी म्हणजे पर्णिका. हा शब्द मी शेवटी सांगतो.

सीताफळापाशी पुन्हा अडलं. "सर, याले डोळाच नाही." असतो, पण देठाच्या बुडाखाली झाकलेला. पान हळूच खाली ओढून काढलं की दिसतो; झटका दिला तर सालच निघते. दोन डहाळ्या अशाच वाया गेल्या.

बेल आणि पळस एका ढिगात गेले. तेवढ्यात मागून आवाज आला, "मंग पळसाले पानं तीनच, हे खोटं हाय का जी?"

मी फळ्यावर पळस काढला, डोळा रंगवला आणि म्हटलं, तूच मोज.

दुसऱ्या आठवड्यात तोच पोरगा हातभर लांब शेवग्याचा पाला घेऊन आला. शेंड्यापासून बुडापर्यंत डोळा शोधून झाला होता. "सर, हे एवढं सारं एकच?"