कबरींशेजारी तिखटमिठाच्या पुऱ्या

कोपनहेगनच्या नॉरेब्रो भागात रहदारीच्या रस्त्याला लागून एक लांबलचक पिवळी भिंत जाते. आत आसिस्टेन्स ही जुनी दफनभूमी. शिरल्याशिरल्या दिसतात त्या सायकली, मग बाबागाड्या, आणि पुढे गवतावर चादरी पसरून उताणे पडलेले लोक. इथे ऊन पडलं की सणच. हिरवळ दिसली की माणूस आडवा झालाच.

माझी मामेबहीण जवळच राहते. डबे तिथेच खायचे, हे तिनं परस्पर ठरवून टाकलं. मामी हादरल्या. "अगं, मसणवट्यात कोण जेवतं?" बरोबरच आहे. आमच्याकडे स्मशानातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय कशाला शिवत नाहीत.

पण ही आजच्या पोरांनी काढलेली टूम नाही. १७६० साली शहराच्या वेशीबाहेर ही जागा काढली ती गरिबांसाठी, कारण गावातल्या चर्चच्या आवारांत पुरायला जागा पुरेना. बडी मंडळी इकडे फिरकत नसत. १७८५ मध्ये एका प्रतिष्ठित माणसानं स्वतःला इथेच पुरून घेतलं आणि पाहता पाहता फॅशन पडली. मग लोक टोपल्या भरून खाणं आणू लागले, गाणंबजावणं सुरू झालं. इतकं, की शेवटी खाण्यापिण्यावर आणि वाद्यांवर बंदी घालावी लागली. ती किती पाळली गेली, ते समोर दिसतच होतं.

परीकथा लिहिणारा हान्स अँडरसन इथेच आहे, अणूवाला शास्त्रज्ञ नील्स बोरही. तत्त्वज्ञ किर्केगार्डची कबर शोधायला थोडं फिरावं लागलं. त्यानं जिच्याशी ठरलेलं लग्न मोडलं, ती रेगीने ओल्सनही याच भिंतीआड, आपल्या नवऱ्याबरोबर. मामींना किर्केगार्डमध्ये रस वाटला तो एवढ्यापुरताच. "बरं झालं तिचं," म्हणाल्या.

मला आवडली ती लोकांची समज. बिअरचे डबे, हसणं-खिदळणं सगळं मोकळ्या हिरवळीवर. जिकडे ताज्या फुलांच्या कबरी होत्या, तिकडे कुणी चादर पसरली नव्हती. एक आजोबा झारीनं रोपांना पाणी घालत होते. त्यांच्या बाजूनं जाताना आरडाओरडा करणारी दोन पोरं आपोआप गप्प झाली, वळणापलीकडे जाऊन पुन्हा सुरू. खरं तर आपणही गेलेल्यांना पान वाढतोच की. फक्त ते गच्चीवर ठेवून आपण लांब उभे राहतो.

मामी काही गवतावर बसल्या नाहीत. बाकावर बसून अर्धी पुरी खाल्ली. तेवढ्यात समोर कावळा उतरला, इथला, राखाडी अंगाचा, बिनबाह्यांचा स्वेटर घातल्यासारखा. मामींनी उरलेला तुकडा टाकला. त्यानं क्षणात उचलला.

"आपल्याकडे तासभर काव काव करावं लागतं मेल्यांना," मामी म्हणाल्या आणि दुसरी पुरी काढली.