तासगावच्या द्राक्षबागांचं ज्ञान एका जागी आणताना : माझा अनुभव

ऑक्टोबर छाटणी झाली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच प्रश्न नव्यानं सुरू होतात. डोळे (काडीवरच्या कळ्या) फुटायची पेस्ट लावली, पण ते मागंपुढं फुटतायत, काय करू? पोंगा अवस्थेत (कोंब निघताना) पाऊस लागला, डाऊनी रोगासाठी काय मारू? घड जिरतायत (निघायच्या आधीच नाहीसे होतायत), पाणी कमी करू का? उत्तरं देणारी माणसं सावळज, मणेराजुरी भागात उभा जन्म बागेत राबलेली, त्यामुळे उत्तरं मोलाची असतात. पण दोन दिवसांत ती लग्नपत्रिका आणि वाढदिवसांच्या खाली गडप होतात. नवीन आलेल्या पोराला मागचं काहीच दिसायचं नाही. त्यात ग्रुप १,०२४ जणांच्या मर्यादेला टेकला आणि ॲडमिन असलेले माझे सासरे, अण्णा, मला म्हणाले, "पोरी, तू कॉम्प्युटरचं काम करतीस. ह्याला कायतरी कायमची जागा कर."

सगळ्यात सोपा पर्याय व्हॉट्सॲप कम्युनिटीचा होता. त्यात अनेक ग्रुप एका छताखाली येतात, पण निरोप वाहून जायचे ते जातातच. टेलिग्रामवर एका ग्रुपात २ लाख माणसं बसतात आणि नवीन सदस्याला जुनं वाचता येतं, म्हणून तो बराच वेळ डोक्यात होता. फेसबुक ग्रुपही पाहिला. पण या सगळ्यांत जागा दुसऱ्याची. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला, आणि लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं त्यांच्याबरोबर गेलं. बागेचा अनुभव पिढीजात असतो. तो कुणा कंपनीच्या मर्जीवर ठेवणं मला पटेना.

मग उरले दोन : वर्डप्रेस या संकेतस्थळाच्या सॉफ्टवेअरला बडीप्रेस ही गटासाठीची जोड लावायची, किंवा डिस्कोर्स हे चर्चामंचाचं सॉफ्टवेअर घ्यायचं. लेख छापायला वर्डप्रेसला तोड नाही, पण आमच्याकडे लेख थोडे आणि सवाल-जवाब जास्त. डिस्कोर्स २०१३ साली चर्चेसाठीच निघालं, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि सगळा मजकूर एका बॅकअप फाइलमध्ये उचलून दुसऱ्या सर्व्हरवर ठेवता येतो. माझा कौल तिथंच पडला.

बसवण्याबद्दल फार सांगत नाही. सर्व्हरवर डॉकर या प्रोग्रामच्या आत बसतं, १ जीबी रॅम आणि सोबत स्वॅप (डिस्कवरची पूरक मेमरी) असला तरी चालतं. खरा वेळ ईमेलनं खाल्ला. डिस्कोर्सचं खातं ईमेलवर उघडतं, आणि सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या क्लाउड कंपन्या ईमेल बाहेर जायची वाट, म्हणजे पोर्ट २५, बहुधा बंद ठेवतात, म्हणून पत्रं पाठवायला वेगळी सेवा घ्यावी लागते. त्यात डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या (पत्र खरंच आपल्याकडचं आहे हे पटवणाऱ्या) नोंदी नसल्या तर पत्र थेट स्पॅममध्ये. आमच्या शेतकऱ्यांना ईमेल उघडायची सवयच नाही, पण फोनमुळं गुगलचं खातं प्रत्येकाकडं असतं. गुगलनं लॉगिन चालू केलं तेव्हा कुठं माणसं आत येऊ लागली.

पुढं मराठीचे प्रश्न. डिस्कोर्स शीर्षकावरून दुवा तयार करतं, पण मूळ सेटिंगमध्ये फक्त रोमन अक्षरं धरतं, त्यामुळे प्रत्येक मराठी विषयाच्या दुव्यात नुसतं 'टॉपिक' येत होतं. तिथं 'एन्कोडेड' निवडलं, म्हणजे मराठी अक्षरंही दुव्यात येतात. नवीन सदस्याला एका लेखनात एकच फोटो टाकता येतो, तो आकडा वाढवला, कारण पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि घड पाहिल्याशिवाय रोग ओळखायचा कसा?

सगळ्यात अवघड गेला शोध. डिस्कोर्सचा शोध पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतो, आणि त्याच्याकडं मराठीचं व्याकरण नाही. 'छाटणी' टाकलं तर 'छाटणीनंतर' सापडतं, कारण सुरुवात तीच. पण 'पाणी' शोधणाऱ्याला 'पाण्याचा ताण' सापडत नाही, 'कीड' शोधणाऱ्याला 'किडीचा'. त्यात कुणी डाऊनी लिहितं, कुणी डाउनी, कुणी केवडा. यावर मला टॅगचा उपाय सापडला. डिस्कोर्समध्ये एका टॅगला समानार्थी टॅग जोडता येतात. रोग, किडी, संजीवकं (वेलीची वाढ कमी-जास्त करणारी द्रव्यं), अवस्था आणि वाणांची यादी मी अण्णा आणि त्यांच्या मित्रांबरोबर बसून केली, आणि प्रत्येक नावाला गावागावांत काय म्हणतात ते जोडत गेले. आता शब्द कुठलाही वापरला तरी टॅग एकच लागतो. या यादीवर घालवलेली एकही संध्याकाळ वाया गेली नाही असं मी ठामपणे म्हणेन.

मग जुना माल. व्हॉट्सॲपची चॅट एक्स्पोर्ट करताना फोटोंसकट शेवटचे १०,००० निरोप मिळतात, फोटोंशिवाय ४०,०००. मी फोटोंशिवाय काढली. त्यात लोकांची नावं आणि फोन नंबर असतात, म्हणून नंबर आधी पुसले आणि ज्यांचं लिहिलेलं घ्यायचं त्यांना एकेकाला विचारलं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाही संमतीचाच आहे, पण कायदा नसता तरी मी विचारलंच असतं. माणसं खुश झाली. काहींनी तर अजून भर घातली, व्हॉइस मेसेजमधून, जे घरातल्या कॉलेजच्या पोरींनी ऐकून टाइप केले.

निवड करायला अण्णा बसले. माझ्या मते चांगली वाटणारी उत्तरं ते बाजूला सारायचे. "ह्यात गाव न्हाई, छाटणीची तारीख न्हाई. ह्याचा काय उपेग?" द्राक्षात सगळी मोजणी छाटणीपासून होते. चाळिसाव्या दिवसाचा सल्ला साठाव्या दिवशी चालत नाही, आणि मुरमाड रानातला काळ्या रानात चालत नाही. त्यातून आमचा नियम ठरला. विषय उघडला की साचा आपोआप समोर येतो : गाव, वाण, जमीन, छाटणीची तारीख, आजचा दिवस. हे भरलं की तज्ज्ञ माणूस उत्तर द्यायला स्वतःहून पुढं येतो.

औषधांच्या बाबतीत आम्ही आणखी कडक आहोत. २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अंशामुळं भारतीय द्राक्षं युरोपात अडकली होती, हे इथला कुठलाच निर्यातदार विसरलेला नाही. त्याआधी सीसीसी वापरा असं सांगणारा माणूस लबाड नव्हता, पण तोच सल्ला आज कुणाला सापडला आणि त्यानं मारलं तर अख्खा प्लॉट निर्यातीतून बाद. म्हणून औषधाचं नाव असलेला प्रत्येक जुना विषय आम्ही बंद करून वर 'जुनी माहिती' असं लिहितो आणि पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू हंगामाच्या यादीचा दुवा देतो. काढणीपूर्व किती दिवस फवारणी थांबवायची, ते त्या यादीतच पाहायचं. माझ्या मते जुनं जपण्याइतकंच त्यातलं काय कालबाह्य झालं ते सांगणं हे अशा जागेचं काम आहे, आणि ते कुठलंही सॉफ्टवेअर आपण होऊन करत नाही.

बाहेरचे चांगले लेखही आम्ही गोळा करतो. शेतीविषयक संकेतस्थळांची आरएसएस फीड (नवे लेख आपोआप पोचवणाऱ्या याद्या) एका बंद विभागात येतात, दोन अनुभवी बागायतदार ती वाचतात, आणि पसंत पडलेल्या लेखाचा तीन ओळींचा गोषवारा मूळ दुव्यासह पुढं जातो. अख्खा लेख उचलत नाही, तो लिहिणाऱ्याचा आहे.

व्हॉट्सॲप ग्रुप बंद केला नाही, करायचाही नाही. कुणी विचारलं की कुणीतरी जुन्या उत्तराचा दुवा तिथं टाकतं. डिस्कोर्सवर नवीन सदस्याच्या लेखनावर दुव्यांची मर्यादा असल्यानं औषध दुकानांच्या जाहिराती आपोआप कमी झाल्या. मणेराजुरीचा एक तरुण बागायतदार आता दुसरा ॲडमिन आहे. बॅकअप रोज वेगळ्या ठिकाणी जातो, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहायचं काम त्याच्याकडं आहे. सध्या तो आणि मी उन्हाळ्यातल्या खरड छाटणीच्या टॅगांची यादी करतोय, एप्रिलच्या आत पुरी व्हायला हवी.