पाच पुस्तकं मागितली, मी एकच दिलं

गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर चहाच्या टेबलापाशी आमच्या तरुण संघातल्या एका मुलाने मला गाठलं. "सलाम काकू. आत्मिक वाढीसाठी पाच पुस्तकं सांगा ना. टॉप फाइव्ह. त्यातलं एक असं पाहिजे की आयुष्याचा उद्देश-बिद्देश कळला पाहिजे."

मुलाचं नाव लिहीत नाही. त्याची आई माझं लिहिलेलं सगळं वाचते आणि लगेच फोन करते. ऐरोलीला आयटीत होता, जूनमध्ये कंपनीने घरी बसवलं. तेव्हापासून रविवारी पहिल्या बाकावर बसायला लागलाय. आमच्याकडे पहिल्या बाकावर एक तर म्हातारी माणसं बसतात, नाही तर ज्यांचं काही तरी बिनसलंय ती.

"पुढच्या रविवारी सांगते," म्हणाले. सोमवारी कामावर रद्द झालेल्या एका बिलाच्या पाठीमागे यादी करायला घेतली. अकरा नावं झाली. मग एकेक खोडत गेले.

काम कुठे ते सांगायला हवं, कारण माझं निम्मं वाचन त्या वाटेवरच होतं. वाशीच्या मसाला मार्केटात एका गाळ्यावर मी एकोणीस वर्षं हिशेब लिहिते. कोपरीहून चालत ठाणे स्टेशन, नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स हार्बरची गाडी, तुर्भ्याला उतरायचं. वीसेक मिनिटं. बसायला मिळालं तर पाच-सहा पानं, उभी असले तर दोन. गाळ्यावर दिवसभर मिरचीची पोती उतरत असतात, पर्स तिथेच खुंटीला. त्यामुळे माझं कुठलंही पुस्तक उघडा, शिंक येणारच.

खोडलेलं पहिलं नाव अमेरिकन पाळक रिक वॉरन यांचं. उद्देशपूर्ण जगण्यावरचं त्यांचं पुस्तक २००२ साली आलं, चाळीस प्रकरणं, रोज एक वाचायचं. पोराने मागितलं होतं ते नेमकं हेच, त्यामुळे खोडताना हात अडखळला. पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. 'हे तुझ्याबद्दल नाहीच' अशा अर्थाच्या वाक्याने ते सुरू होतं, आणि त्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाची आभारी आहे. तक्रार आहे ती माझ्याबद्दल. आम्ही सात जणींनी मिळून ते वाचायला घेतलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून फोनवर एकच प्रश्न, "कितवा चालू आहे?" काय वाचलं हे कोणी विचारेना. मी मागे पडले तेव्हा एका रात्रीत चार प्रकरणं उरकली, मार्चअखेरीला व्हाउचर उरकते तशी. सतराव्या दिवशी एकीच्या घरी पाहुणे आले आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. चाळीस दिवस हा आकडाच आम्हाला बाधला. तुम्हाला मानवत असेल तर जरूर वाचा.

माझ्या यादीत सगळ्यात वर ज्याचं नाव होतं, ते पुस्तक ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात 'आत्मिक' म्हणून ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. मी ते पहिल्यांदा ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणलं. १८९३ सालचं ग्रंथालय आहे ते, म्हणजे लक्ष्मीबाईंचे पती, कवी ना. वा. टिळक, यांच्या बाप्तिस्म्याच्याही दोन वर्षं आधीचं. तिथे हे पुस्तक आत्मचरित्रांत मिळतं आणि ते बरोबरच आहे. पण मला प्रार्थना करायला जितकं या पुस्तकाने शिकवलं तितकं प्रार्थनेवरच्या पुस्तकांनी नाही.

शाळेत 'केवढे हे क्रौर्य' पाठ केलेले सगळे ना. वा. टिळकांना ओळखतात. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि इकडे लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन गेली. सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई. वडील इतके कडक, की बाहेरून आलेलं मीठसुद्धा धुवून घ्यायचे. मीठ! धुतल्यावर उरणार किती? ते पान मी गाडीत वाचलं आणि एकटीच हसत सुटले. शेजारची बाई सरकून बसली. मग घणसोली गेलं आणि बायबलात मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं मीठ आठवलं, 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा' वालं. आपणही धुतोच की. इतकं धुतो, की खारटपणा कधी वाहून गेला तेही कळत नाही.

लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला १९०० साली. मधली पाच वर्षं रडणं, रागावणं, भांडणं, वेगळं राहणं, परत एकत्र येणं, एका घरात दोन चुली. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ही झाली नाही. माणसामाणसांतला हा विटाळ देवाने केला की माणसाने, हा प्रश्न तिच्या डोक्यात भुंगा घालत राहिला. उत्तर सापडलं त्या दिवशी तिने ठरवलं, की आता कोणाच्याही हातचं खायचं. बाकीचं मागून आलं.

आमच्याकडे साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगायची, एक पद्धत पडून गेली आहे. आधीचं आयुष्य काळंकुट्ट रंगवायचं, मग 'पण प्रभूने' म्हणायचं, आणि पुढे सगळं पांढरंशुभ्र. 'स्मृतिचित्रे'त हे सापडत नाही. बाप्तिस्म्यानंतरही टिळक तसेच तापट राहतात, घरातलं होतं नव्हतं ते कोणालाही उचलून देतात, आणि उद्याची चूल कशी पेटवायची हा प्रश्न बायकोच्या गळ्यात. ती वैतागते, आणि त्या वैतागावर स्वतःच हसते. देव त्या घरात आहे हे मला त्या हसण्यावरून पटतं.

टिळक १९१९ मध्ये गेले. 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य त्यांनी सुरू केलं होतं, जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं गिरवायला शिकलेल्या या बाईने पुढचे ६४ अध्याय लिहिले. चौसष्ट! आपला उद्देश काय, असं तिने कोणाला विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. टेबलावर कोणाचं तरी अर्धं राहिलेलं काम होतं, ते तिने हातात घेतलं.

दुसरं पुस्तक बारकंसं आहे, एका दुपारीत संपतं, आणि तोच त्याचा धोका. ब्रदर लॉरेन्सचं. सतराव्या शतकात पॅरिसच्या कर्मेलाइट मठात हा आचारी होता. आधी सैनिक, लढाईत पाय अधू झालेला. पुस्तक त्याने लिहिलेलं नाही. त्याच्याशी झालेलं बोलणं आणि त्याची पत्रं तो गेल्यावर एका धर्मगुरूने गोळा केली. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की या माणसाला स्वयंपाकघराचा मनापासून कंटाळा होता. तरी पंधरा वर्षं तिथे राहिला. तव्यातलं ऑम्लेट उलटायचं तेही देवाच्या प्रेमाखातर, जमिनीवरची काडी उचलायची तीही त्याच्याचसाठी, असं त्याचं चाललेलं.

मी करून पाहिलं. बिल कॉम्प्युटरवर चढवताना प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी एक क्षण थांबायचं, 'प्रभू, हे तुझ्यासाठी' असं मनात म्हणायचं. पहिल्या दिवशी अकराच्या आत विसरले. दुसऱ्या दिवशी साडेदहालाच, कारण धण्याच्या मालात पोत्यामागे दोनशे ग्रॅमची तूट निघाली आणि मी ट्रान्सपोर्टवाल्याला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी गाडीत परत पुस्तक उघडलं. लॉरेन्सही विसरायचा. पण विसरल्याबद्दल डोकं धरून बसायचा नाही. देवाला सांगायचा, तू मला माझ्यावर सोडलंस तर माझ्याकडून हे असंच होणार. आणि पुन्हा कामाला लागायचा. हे वाचल्यावर मला तो एकदम आमच्या मार्केटातला वाटायला लागला.

बायबल यादीत घालायचं की नाही यावर मी जरा घुटमळले. 'बायबल वाच' हे सांगणं म्हणजे 'पाणी पी' सांगण्यासारखं. पण कसं वाचायचं, ते मला माझ्या आईने दाखवलं, तेवढं सांगते. आई राहुरीकडची, तिसरी शिकलेली. ओळीखाली बोट धरून, पुटपुटत वाचायची. जिथे मन अडकलं तिथे थांबायची, त्या ओळीवर ज्वारीचा एक दाणा ठेवायची आणि पुस्तक मिटायची. दुसऱ्या दिवशी परत तीच ओळ. दाणा हलेपर्यंत कधी चार दिवस जायचे, कधी पंधरा. तिचं बायबल आता माझ्याकडे आहे. त्याच्या पानांना बारीक बारीक खळगे आहेत. स्तोत्र १२१ च्या पानावर तर इतके, की आंधळ्याने बोट फिरवून सांगावं, इथे कोणी तरी बरेच दिवस मुक्कामाला होतं.

बऱ्याच वर्षांनी कळलं, की बाराव्या शतकात गीगो नावाच्या एका कार्थुसियन संन्याशाने याची चार पायऱ्यांची शिडीच सांगितली आहे: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं त्याच्यापुढे असणं. वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं, असं तो म्हणतो. आईला गीगो माहीत असायचं कारण नव्हतं. तिला म्हैस माहीत होती.

आईच्या गतीने जमत नसेल तर १५० स्तोत्रं आहेत, रोज पाच, महिन्यात एक फेरी होते. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, तारखेप्रमाणे एकेक. आणि मार्काचं शुभवर्तमान एकदा तरी एका बैठकीत, मोठ्याने वाचावं. सोळाच अध्याय आहेत. तुकड्यातुकड्यांत ऐकलेला येशू सलग वाचताना किती घाईत चालतो, हे पाहून मी चकित झाले होते. भाषा जड वाटली तर पंडिता रमाबाईंची आठवण ठेवा. साध्या बायकांना कळावं म्हणून त्यांनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं, आणि ते छापून हातात यायच्या आधीच, १९२२ मध्ये, त्या गेल्या.

आता उरलेली भराभर. जुन्या काळातले बिशप संत ऑगस्टीन यांचं आत्मनिवेदन: सोळाव्या वर्षी शेजारच्या झाडाची नासपती चोरली, भूक नसताना, चोरायची मजा म्हणून, आणि या एवढ्याशा चोरीवर तो पानंच्या पानं लिहितो. आधी कंटाळा येतो, मग आपल्या चोऱ्या आठवायला लागतात. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण': इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये गोव्यात, राचोलला छापलेलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. माझ्या सहाशेक झाल्या असतील. समजून घ्यायला बसलं की अडतं, ज्ञानेश्वरीच्या चालीवर म्हटलं की सरकतं.

बोनहॉफर या जर्मन पाळकाला मात्र भराभर उरकता येणार नाही. गेस्टापोने, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, त्याची पाळकांची शाळा बंद पाडली, त्यानंतर त्याने एकत्र राहण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, १९३९ मध्ये आलं. त्यात तो म्हणतो, की आपण एकमेकांची पहिली सेवा करायची ती ऐकून घेण्याची. भावाचं ऐकेनासा झालेला माणूस लवकरच देवाचंही ऐकेनासा होतो. हे मी आमच्या महिला मंडळात वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकीने सुनेसाठी प्रार्थनाविनंती मांडली, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिघींनी सल्ले दिले. त्यातली एक मी.

बोनहॉफरला नाझींनी फाशी दिली ९ एप्रिल १९४५ रोजी. ९ एप्रिलच ती, १३२१ सालची, ज्या दिवशी याच आपल्या ठाण्यात फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले. चौघांपैकी तिघे त्या दिवशी, चौथा दोन दिवसांनी. ठाण्यात आमचा धर्म इंग्रजांबरोबर आला असं समजणाऱ्यांना मी ही तारीख सांगते. पोर्तुगीजसुद्धा तेव्हा इकडे फिरकले नव्हते.

तर रविवारी मी पोराच्या हातात एकच पुस्तक ठेवलं, माझी स्वतःची 'स्मृतिचित्रे'ची प्रत. त्याचा चेहरा पडला. "काकू, हे तर मराठीच्या बाईंनी सांगितलं होतं शाळेत." मी म्हटलं, असू दे. यात उद्देश कुठल्या पानावर आहे असं त्याने विचारलं, तेव्हा चहा घ्यायला सांगितलं.

तीन रविवार झाले. काल नेहमीसारखाच टेबलापाशी आला आणि आल्या आल्या म्हणाला, "त्या टिळकांच्या हातात पैसे द्यायलाच नको होते." मग बराच वेळ तो लक्ष्मीबाईंच्या बाजूने भांडत होता आणि मी टिळकांच्या. गुरुवारी महापेला इंटरव्ह्यू आहे, प्रार्थना करा, हे त्याने जाता जाता सांगितलं. पुस्तक अजून दोन आठवडे ठेवू का म्हणाला. ठेव म्हटलं.

रात्री त्याच्या आईचा फोन. "काय दिलंयस गं त्याला वाचायला? पोरगं सारखं शिंकतंय."