एकाचे मरण आणि सहाशेंचे मरण

मित्र जाऊन आता दोन वर्षे होतील. तो गेला त्या पावसाळ्यात एकदा भल्या पहाटे मी काही काम नसताना त्याच्या गल्लीत जाऊन उभा राहिलो होतो. घराला कुलूप होते, दाराशेजारी त्याच्या नावाची पाटी तशीच होती, आणि दूध टाकणाऱ्याची सायकल जवळून गेली तेव्हा याने हटकले तर काय सांगायचे, या विचाराने मला चोरट्यासारखे झाले. घरी येऊन मी एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कवी टेनिसन याचे ‘इन मेमोरियम’ हे दीर्घ शोककाव्य काढले आणि त्यातला सातवा भाग वाचला. एम. ए.ला तो अभ्यासाला होता, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. पण त्या पहाटेपर्यंत तो मला कळला नव्हता.

अवघ्या बारा ओळींचा हा भाग आहे. लंडनच्या एका लांबलचक, रुक्ष रस्त्यावर कवी एका अंधारलेल्या घरासमोर उभा आहे. याच दारापाशी एक हात हातात येण्याची वाट पाहताना त्याचे काळीज धडधडत असे, आणि तो हात आता कधीच हातात येणार नाही. झोप येत नाही म्हणून तो अपराध्यासारखा पहाटेच दाराशी सरकत आला आहे. ‘तो इथे नाही,’ एवढेच तो म्हणतो. ख्रिस्ताची रिकामी कबर पाहायला आलेल्या स्त्रियांना हेच शब्द ऐकू येतात, पण तिथे त्यांच्यामागोमाग ‘तो उठला आहे’ ही ग्वाही येते. टेनिसन अर्ध्यावर थांबतो. ग्वाहीच्या जागी दूरवर शहराची वर्दळ सुरू होते आणि रिमझिम पावसातून त्या बोडक्या रस्त्यावर कोरा दिवस उजाडतो. मूळ इंग्रजीत ही शेवटची ओळ आठ शब्दांची आहे आणि आठही शब्द एकाक्षरी आहेत; त्यांतल्या तीन शब्दांच्या आरंभी येणारा ‘ब’ ओठांवर थापटी मारल्यासारखा वाजतो. ती ओळ मोठ्याने वाचून पाहावी, म्हणजे उजाडणे हा शब्दही किती निर्दय असू शकतो ते समजते.

तो हात आर्थर हॅलमचा होता. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये दोघांची मैत्री झाली, पुढे हॅलमचे टेनिसनच्या बहिणीशी, एमिलीशी, लग्न ठरले, आणि १५ सप्टेंबर १८३३ रोजी, वडिलांबरोबर प्रवासात असताना, व्हिएन्नामध्ये मेंदूतील रक्तस्रावाने तो वारला. तो तेव्हा फक्त २२ वर्षांचा होता. ज्या घरासमोर कवी उभा राहतो ते विंपोल स्ट्रीटवरचे हॅलम कुटुंबाचे घर. या एका मरणावर टेनिसन १७ वर्षे लिहीत राहिला. १८५० साली पुस्तक निघाले तेव्हा त्यात १२९ भाग होते, पुढच्या आवृत्त्यांत ते १३१ झाले, शिवाय आरंभीची प्रार्थना आणि शेवटचे लग्नगीत. ओळी सुमारे २,९००. कवीचे नाव मात्र पुस्तकावर छापलेले नव्हते.

सगळी कडवी चार ओळींची, आणि यमकाची रचना अशी की मधल्या दोन ओळी एकमेकींशी जुळतात आणि चौथी ओळ पहिलीकडे परत येते. उंबऱ्यापर्यंत जायचे आणि मागे फिरायचे, असा त्या कडव्याचा चालता पाय आहे. नियमबद्ध भाषेचा आपल्याला काय उपयोग होतो, हे टेनिसनने स्वतःच पाचव्या भागात सांगितले आहे: छंद जुळवण्याचे ते यांत्रिक काम गुंगीच्या औषधासारखे वेदना बधिर करते. आपले दुःख शब्दांत मांडणे हे जवळजवळ पाप आहे, असेही त्याला त्याच ठिकाणी वाटते. आपल्या काव्याविषयी इतके खरे बोलणारा कवी मला फार जवळचा वाटतो.

या काव्यात मला सर्वांत जास्त जपावासा वाटतो तो जहाजाचा भाग. हॅलमचे शव समुद्रमार्गाने इंग्लंडला आणले गेले, आणि कित्येक भाग टेनिसन मनाने त्या जहाजाबरोबर आहे. त्याला पाणी कापणाऱ्या जहाजाच्या तळाचा आवाज ऐकू येतो, रात्री वाजणारी घंटा ऐकू येते, केबिनची उजळलेली खिडकी दिसते, सुकाणूवर उभा असलेला खलाशी दिसतो. चौदाव्या भागात तर तो म्हणतो की, जहाज धक्क्याला लागल्याची बातमी आज आली, मी तिथे गेलो, उतारू उतरू लागले आणि त्यांच्यात तोही उतरला, त्याने माझा हात हातात घेऊन घरची विचारपूस केली, तर मला त्यात काहीच नवल वाटणार नाही. ज्यांच्या घरातले माणूस अचानक गेले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. फोन वाजला की पहिला क्षण असाच असतो.

३ जानेवारी १८३४ रोजी सॉमरसेटमधल्या क्लीव्हडन इथे हॅलमचे दफन झाले. टेनिसन तिथे नव्हता. चर्चमधल्या स्मृतिशिलेवर पहाटेचा उजेड पडतो असे त्याने ६७व्या भागात लिहिले, पण ती शिला वेदीजवळच्या भागात आहे हे त्याने हॅलमच्या वडिलांच्या लेखावरून घेतले होते. पुष्कळ वर्षांनी तो स्वतः क्लीव्हडनला गेला, त्याला शिला तिथे दिसली नाही, आणि पुढच्या आवृत्त्यांत त्याने तो शब्द काढून नुसते ‘अंधारे चर्च’ असे केले. एका माणसाच्या नावाची शिला नेमकी कुठे आहे, एवढ्यासाठी छापलेली ओळ बदलणे, हे मला त्या साऱ्या काव्याइतकेच मोठे वाटते.

आणि हेच काव्य सर्वांत जास्त भेदरते ते एकट्या जिवाच्या प्रश्नाशी. चार्ल्स लायेलचे भूशास्त्रावरचे पुस्तक टेनिसनने वाचले होते. ५५व्या भागात त्याला वाटते की निसर्ग जातीला जपतो, एकेका जिवाची मात्र त्याला पर्वा नाही. ५६व्या भागात एवढाही आधार उरत नाही. खाणीतल्या दगडांतून, तुटलेल्या कड्यांतून निसर्गच ओरडून सांगतो की हजारो जाती गेल्या, मला कशाचीच पर्वा नाही, सगळे जाणार. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ १८५९चा. म्हणजे हे त्याच्याही आधीचे. राणी व्हिक्टोरियाला १८६१मध्ये तिचा नवरा अल्बर्ट गेल्यावर बायबलच्या खालोखाल याच पुस्तकाचा दिलासा वाटला. दिलासा त्यात आहे, पण मला तो त्यातल्या भीतीपेक्षा पुसट वाटत आला आहे.

पुढचे सांगताना मला थोडे जड जाते, कारण एकेका जिवासाठी निसर्गाशी भांडलेल्या याच कवीने चार वर्षांनी, राजकवी झाल्यावर, सहाशे माणसांवर कविता लिहिली. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हा इथे, चुकीच्या समजुतीने पोचलेल्या हुकमावरून, ब्रिटिशांचे हलके घोडदळ तीन बाजूंनी रोखलेल्या रशियन तोफांवर चालून गेले. स्वार साधारण ६७०. त्यांतले शंभरावर मारले गेले. टेनिसनने ‘टाइम्स’मधला मजकूर वाचला आणि ९ डिसेंबरला ‘द एक्झामिनर’मध्ये ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ छापून आली. सातशेपेक्षा सहाशे छंदात चांगले बसते, असे त्याने पत्रात लिहिले आहे. घोड्यांच्या टापांसारखी तिची लय कुणालाही पाठ होते, आणि ‘कुणाचीतरी घोडचूक झाली होती’ ही ओळ त्या काळी सरकारी राजकवीने लिहिणे लहान गोष्ट नव्हती. ती त्याने १८५५च्या पुस्तकात गाळली आणि नंतर परत घातली. गाळल्याबद्दल मी त्याला दोष देतो, परत घातल्याबद्दल मानतो.

पण आज आपण वाचतो त्या कवितेत एकाही माणसाचे नाव नाही. हुकूम देणाऱ्याचे नाही, तो घेऊन आलेल्या आणि सुरुवातीलाच पडलेल्या कॅप्टन नोलनचे नाही, स्वारांपैकी कुणाचेच नाही. त्या शंभरांपैकी प्रत्येकाचे एक घर होते, एक दार होते, आणि त्या दारापाशी पहाटे कुणीतरी उभे राहिलेच असणार. हॅलमला २,९०० ओळी मिळाल्या. यांना मिळून ५५. राष्ट्राच्या शोकाला आकडा लागतो, मित्राच्या शोकाला हात लागतो, आणि टेनिसनला दोन्ही येत होते, म्हणूनच ही तफावत मला खुपते.

पुढच्या पिढीतला इंग्रज कवी हाउसमन याच्या ‘१८८७’ या कवितेत राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या शेकोट्या डोंगराडोंगरांवर पेटतात, आणि तिकडे आशियात उजाडते तेव्हा सैनिकांच्या थडग्यांवर इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्याची नावे वाचता येतात. नावे इथे आली, पण दगडावरच राहिली.

राणीच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले आणि इंग्रज कादंबरीकार-कवी थॉमस हार्डी याने ‘ड्रमर हॉज’ लिहिली. तीन कडवी, अठरा ओळी. पलटणीत ढोल वाजवणारा एक पोरगा मेला आहे. त्याला शवपेटीशिवाय, सापडला तसाच, खड्ड्यात टाकतात. ‘हॉज’ हे इंग्लंडातल्या शहरी लोकांनी खेडुतांना हिणवण्यासाठी वापरलेले सरसकट नाव. हार्डी डॉर्सेट या ग्रामीण परगण्याचा, त्या लोकांतला. मजुरांना असे एकाच नावात कोंबण्यावर त्याने १८८३मध्येच लेख लिहून आक्षेप घेतला होता. कवितेत त्याने तेच नाव घेतले आणि इतक्या मायेने तीनदा उच्चारले की ते एका मुलाचे नाव झाले. त्याच्या खड्ड्याभोवतीचे शब्दही परके आहेत: कोप्ये म्हणजे टेकडी, व्हेल्ट म्हणजे माळरान, कारू म्हणजे ओसाड पठार. नुकत्याच घरून आलेल्या या पोराला त्या माळाचा अर्थ कधी कळला नाही, आणि रात्री हे अनोळखी तारे का उगवतात तेही कळले नाही.

हार्डी कुठल्याही ताऱ्याचे नाव देत नाही, कारण हॉजला ते ठाऊक नव्हते. मे महिन्यात किल्ल्यावर मुक्कामाला गेलो की दक्षिणेला क्षितिजालगत मला त्रिशंकू दिसतो. आपल्याला तो लहानपणापासून नावानिशी ओळखीचा. डॉर्सेटच्या आकाशात तो कधीच उगवत नाही. हॉजच्या मातीवर तो आकाशात कितीतरी उंच चढत असेल. हार्डी त्याला स्वर्ग देत नाही, शौर्याचे पदक देत नाही. त्याची उत्तरेकडची छाती आणि मेंदू दक्षिणेच्या कुठल्यातरी झाडात वाढतील, एवढेच तो सांगतो, आणि परक्या डोळ्यांची ती नक्षत्रे कायमची त्याची होतील, असे म्हणून थांबतो.