एफएमआरआय झाला, पण हातातल्या प्लेटच्या कागदासाठी केवढी वणवण

नैराश्यासाठी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी थेरपी) घ्यायची, आणि त्याआधी व नंतर मेंदूचा एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग कधी काम करतो ते दाखवणारा, चुंबकी मशीनमधला स्कॅन) करायचा, अशा एका संशोधनात मी नाव दिलं. मुलाखत, प्रश्नावल्या, संमतिपत्र सगळं भराभर उरकलं. गाडी अडली ती अंगात कुठे धातू आहे का, हे विचारणाऱ्या फॉर्मवर. माझ्या डाव्या हातात अपघातानंतर बसवलेली प्लेट आहे. तंत्रज्ञांनी विचारलं, "टायटॅनियम की स्टील? कंपनी कोणती?" डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'प्लेटिंग केले' एवढंच लिहिलेलं, आणि एक्स-रेवरून धातू ओळखता येत नाही.

हाडांच्या प्लेटा बहुधा टायटॅनियमच्या किंवा 316एल स्टीलच्या असतात आणि चुंबक त्यांना फारसा ओढत नाही. पण 3 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीनमध्ये त्या तापू शकतात. उपचारासाठी स्कॅन असेल तर डॉक्टर धोका आणि फायदा तोलून बघतात. इथे मला स्वतःला वैद्यकीय फायदा काहीच नव्हता, म्हणून कागदाशिवाय आत सोडणार नाहीत, हे मला पूर्ण पटलं.

पटलं नाही ते शस्त्रक्रिया झालेल्या हॉस्पिटलचं वागणं. रेकॉर्ड विभागात "ताई, कार्ड दिलंय ना, आणखी काय पाहिजे?" तिथून ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) पाठवलं, ओटीनं बिलिंगला, बिलिंगनं पुन्हा रेकॉर्डला. प्लेटच्या पाकिटावरचा स्टिकर केस पेपरवर चिकटवलेला असतो, एवढंच मला हवं होतं. पहिला स्कॅन थेरपीच्या आधीच व्हायला हवा, म्हणून माझे उपचारही थांबलेले. सकाळी अंथरुणातून उठणं जड जात असताना त्या खिडकीसमोर उभं राहायचं! आजही आठवलं की संताप होतो.

शेवटी दादानं लेखी अर्ज लिहून दिला आणि पोच घेतली. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णानं मागितलेली कागदपत्रं 72 तासांत द्यावी लागतात आणि आंतररुग्णांचे केस पेपर 3 वर्षं जपावे लागतात. माझी तीन वर्षं भरतच आली होती. अर्जात नियमाचा उल्लेख केल्यावर झेरॉक्स मिळाली, स्टिकरसकट. टायटॅनियम! त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

स्कॅनचं म्हणाल तर कानात बोळे, हातात बटण आणि धोक्याला दाबायचा फुगा. डोकं अजिबात हलवायचं नाही. पडद्यावर दुःखी चेहरे, नकोसे शब्द येतात. कधी नुसतं बघायचं, कधी त्याच चित्राचा वेगळा अर्थ लावायचा. काम करणाऱ्या भागाकडे रक्त वाढतं, तिथला ऑक्सिजनचा फरक मशीन टिपतं. जपानी शास्त्रज्ञ सेजी ओगावांनी 1990 मध्ये दाखवलेलं तत्त्व हेच. अमेरिकी संशोधक ग्रेग सीगल यांच्या गटाच्या 2006 च्या लहानशा अभ्यासात, नकारात्मक शब्द वाचताना मेंदूच्या पुढच्या भागातला एक छोटा पट्टा ज्यांच्यात कमी सक्रिय होता, त्यांना सीबीटीचा जास्त गुण आला होता. कुणाला कोणती थेरपी लागू पडेल, हे आधी कळावं म्हणून अशी कामं चालतात, आणि त्यात माझाही मेंदू आहे याचा मला अभिमान वाटतो. मात्र निष्कर्ष गटाच्या सरासरीचे असतात. स्वतःच्या आजाराचं निदान त्यातून मागू नका.

चष्मा असेल तर नंबर आधीच कळवा, चालणारी फ्रेम तेच देतात. जरीचे कपडे, हुकवाले आतले कपडे, काजळ टाळा. मंगळसूत्र, जोडवी घरीच ठेवा. बंद जागेची भीती वाटत असेल तर नकली मशीनमध्ये सराव मिळतो का ते विचारा.

आणि माझ्यासारखा कागद अडला तर थेरपी थांबवू नका. संशोधनातून कधीही बाहेर पडता येतं, त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. संशोधकांनी मला हे सांगितलंही होतं, थांबायचं मीच ठरवलं. घरात कुणाला प्लेट, स्क्रू, स्टेंट बसला असेल तर डिस्चार्जच्या दिवशीच स्टिकरचा फोटो काढून घ्या. मी आता आईच्या गुडघ्याचाही मागून घेतलाय.