किटली बंद केली तो दिवस

आमचं मूळ घर मिरजेतलं. पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. पुढच्या पिढ्या तंबोरे-सतारींत गेल्या. पुण्यात येऊन गिटारी दुरुस्त करणारा घरातला मी पहिलाच. अब्बांना ते फारसं रुचलेलं नाही. "भोपळा नाही त्यात, खोकं आहे," म्हणतात.

जुलैतली गोष्ट. एक गृहस्थ आजोबांची स्पॅनिश गिटार घेऊन आले. आत चिठ्ठी: माद्रिद, 1969. मानेवरच्या बाराव्या पडद्यावर, म्हणजे धातूच्या आडव्या कांडीवर, तारा साडेपाच मिलिमीटर वर. चारच्या आसपास हव्यात. मान पुढे झुकली, असं मी ठरवूनच टाकलं. स्टीलच्या तारांच्या बऱ्याच गिटारींची मान खाचेत बसवलेली असते, वाफ दिली की सुटून हातात येते. किटली तापत ठेवली.

मग सवयीने आत बल्ब सोडून आरसा फिरवला आणि पोटात गोळा आला. मानेचं लाकूड आत येऊन बुटासारखं पसरलेलं. त्याला दोन्हीकडे चिरा आणि बाजूच्या फळ्या त्या चिरांत खोचलेल्या. स्पेनमध्ये मान आणि वरची फळी आधी जोडतात, साच्यावर पालथी घालतात आणि बाकीची गिटार तिच्याभोवती उभी करतात. माद्रिदचं रामिरेझ घराणं 1882 पासून गिटारी बनवतंय, तिथलीही रीत हीच. वाचलेलं होतं हो सगळं, किटली चढवताना आठवलं नाही! वाफ दिली असती तर पाठ, बाजू सगळंच उकललं असतं.

अब्बा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. "काय करालास?" म्हणत त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि भोकाला नाक लावलं.

"शिसवी. आपल्याकडची."

खरंच होतं. ब्राझीलची शिसवी मिळणं अवघड होत गेलं तसे 1960च्या दशकात स्पेनचे कारागीर भारतातली घेऊ लागले.

मग भोपळा पारखतात तसं बोटाच्या पेराने वरच्या फळीवर टकटक. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या मागे एके ठिकाणी आवाज फुटका आला. पुन्हा तिथेच टकटक. "हितं आत काहीतरी सुटलंय बघ."

मी आत हात घातला. वरच्या फळीला खालून पंख्यासारख्या सात बारीक पट्ट्या होत्या. पाचवीच्या टोकाखाली कागदाचा कपटा सरळ आत गेला. पुण्याच्या पावसाळ्यात सरस नरमला, पट्टी सुटली, फळी फुगली, घोडी वर उचलली गेली. मान बिचारी जागेवरच होती.

किटली बंद केली. त्याच शेगडीवर सरस वितळवला. अब्बांनीच तो बोटांत चिमटून, त्याची तार सुटते का ते पाहिलं. पट्टी चिकटवून आतून टेकू दिला आणि रात्रभर हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तारा चढवल्या. अब्बांनी सगळ्यात जाड तार तंबोऱ्यासारखी हलकेच छेडली, पट्टी नसलेला डोळाही मिटला, नाद विरेपर्यंत थांबले.

"बरं आहे," म्हणाले. "ह्याची जोडी कुठाय?"