उभी गाडी

दुपारी लाइट गेली म्हणून पोर्चमध्ये येऊन बसले आणि समोरच्या टायरवर चार आकडे दिसले. २३०९. म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा, जूनची सुरुवात. टायरवर त्याची जन्मतारीख छापलेली असते हे ऐकून होते, पण घरच्या गाडीची कधी वाचली नव्हती. रबराला भेगा पडल्यात आणि जिथं टायर जमिनीला टेकतो तिथं तो चपटा होऊन बसलाय.

गाडी आबांची. प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. आबा गेले आणि ती उभी राहिली ती राहिलीच. पण खंडेनवमीची झेंडूची माळ तिला कधी चुकली नाही. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, तेही गेल्या वर्षीच्या न पुसलेल्या स्वस्तिकावरच. जी गाडी हलत नाही तिच्या चाकाखाली लिंबू कशाला, असं एकदा विचारलं. आई म्हणाली, "ठेव गप."

लहानपणी रविवारी सकाळी आबा गाडी नुसती चालू करून ठेवायचे. बॅटरी उतरू नये म्हणून. गाडी जागच्या जागी थरथरायची आणि आम्ही दोघं आत बसून पन्हाळ्याला जाऊन यायचो. स्टिअरिंग दादाकडं, हॉर्न माझ्याकडं. वाघबीळ आलं की दादा ओरडायचा, "गरम झाली, पाणी आण!" खऱ्या प्रवासातही तिथंच थांबायला लागायचं, म्हणून आमच्या खोट्या प्रवासातही थांबा तिथंच. मी खरोखर तांब्या घेऊन यायची आणि आई तो काढून घ्यायची.

ही पाच मिनिटं गाडी चालू ठेवायची सवय अजून पुष्कळांना आहे आणि मला तिचा राग येतो. इंजिन धड तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचून राहतं, आणि स्टार्टरनं बॅटरीतून जेवढं ओढलं तेवढं त्या पाच मिनिटांत परत भरतही नाही. आबांना हे कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं, ते सोडा.

गाडी पुन्हा चालू करायची म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना बोलावलं, तर ते आधी माझ्या हातातली किल्लीच काढून घेऊन बसले. चारही प्लग काढले, भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडलं आणि "मुरू दे रातभर" म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी इंजिन हातानं फिरवून बघितलं. फिरलं. टाकीतलं पेट्रोल काढलं तर त्याला रंगाच्या दुकानासारखा वास. असलं पेट्रोल चिकट होतं आणि कार्बोरेटरचे जेट बुजवतं. हे सगळं होईपर्यंत मी विचारत होते, चालू कधी करायची? मामा चाकाखाली आडवे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यानं व्हील सिलिंडर गंजून जाम झालेले. तिथूनच म्हणाले, "चालू करणं सोप्पं हाय ओ ताई. थांबायला पायजे न्हवं?"

मग रबरी नळ्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. इथेनॉल कशाचं, तर उसाचं. आमच्या जिल्ह्यात ऊस किती हे काय सांगायचं! आबांनी जन्मभर कारखान्याला ऊस घातला. मामा नळीचा तुकडा बोटांनी मोडत म्हणाले, "ह्यो बघा, तुमचा ऊस खाणार आता तुमचीच गाडी." नवीन नळ्या इथेनॉलला टिकतील अशा घातल्या, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदाही बदलला.

पद्मिनी बंद होऊन पाव शतक होत आलं, तेव्हा बारीकसारीक पार्ट मिळणार कुठून ही माझी काळजी. उद्यमनगरात असली काळजी बोलून दाखवली की लोक हसतात. "नमुना द्या की." लेथवर संध्याकाळपर्यंत बुश तयार. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेराच या कोल्हापुरात घडवला होता. त्यापुढं बुश म्हणजे काय!

गाडी चालू झाली. धूर आला, गल्ली जमली, "इकणार काय?" असं दोघातिघांनी विचारूनही झालं.

रस्त्यावर मात्र आणता येत नाही. नोंदणीची मुदत संपलेली. १५ वर्षांनंतर ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यायला लागते, ते आबा करायचे. त्यासाठी फॉर्म २५. आणि त्याच्याही आधी फॉर्म ३१, मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायचा. घर, सातबारा, बँक, गॅसचं पुस्तक, सगळीकडचं आबांचं नाव काढून झालंय. प्रत्येक वेळी दाखल्याची झेरॉक्स जोडली आणि मोकळे झालो. या फॉर्मवर काही दादाची सही होत नाही. "दिवाळी झाली की बघूया," म्हणतो. कुठली दिवाळी, ते मीही विचारत नाही.